पिसवा घरात, शिक्षा मांजराला?

बदलीचं गाव, भाड्याचं घर, सोबतीला एखादी मनीमाऊ किंवा टॉमी... आणि एक दिवस पायांवर लाल-लाल पुरळ! घरातल्या लाडक्याला बाहेरचा रस्ता दाखवण्याआधी हे वाचाच. कारण पिसवांची खरी वस्ती त्याच्या अंगावर नसते, तुमच्या दिवाणाखाली असते.

दिवाळीची सुट्टी संपते. पुण्या-नाशिकहून रात्रभर प्रवास करून तुम्ही पहाटे नंदुरबारला उतरता. मांजर दहा दिवस शेजारच्या काकूंकडे, घर बंद. कुलूप काढून आत येता, बॅग टेकवता, लाइट लावता... आणि दोन मिनिटांत पोटऱ्यांवर काळे ठिपके टणाटण उड्या मारायला लागतात. एक-दोन नाही, चांगली फौज! आता डोकं चक्रावतं. घरात तर दहा दिवस कुणीच नव्हतं. मग या आल्या कुठून?

आल्या नाहीत. इथेच होत्या. तुमचीच वाट बघत होत्या!

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या गावाला लागणारी सगळी ऑफिसं इथे आली. बँका, महावितरण, शाळा-कॉलेजं, सरकारी दवाखाने... बाहेरून येणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मंडळींची ये-जा सतत चालू असते. नवं गाव, ओळखीचं कुणी नाही, संध्याकाळी घर खायला उठतं. अशा वेळी अंगणात आलेलं मांजराचं पिल्लू किंवा गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू कधी घरचंच होऊन जातं, कळतही नाही. आणि मग पिसवा निघाल्या की घरमालकीणबाईंचा पहिला डायलॉग ठरलेला, ‘‘सर, ते मांजर आधी बाहेर काढा बरं!’’

सर खरोखरच बाहेर काढतात. आणि पिसवा? त्या घरातच राहतात. आता त्यांना खायला तुम्ही एकटेच!

पाच विरुद्ध पंचाण्णव

पिसवांचं गणित एकदा समजलं की अर्धी लढाई जिंकलीत. प्राण्यांचे डॉक्टर एक सोपा ठोकताळा सांगतात. घरात पिसवांचा जो काही पसारा असतो, त्यातल्या अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा शेकडा पाचच्या आसपास. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरभर पसरलेल्या असतात. म्हणजे तुम्ही मांजराला घासूनपुसून आंघोळ घालता, तेव्हा तुमचा सामना फक्त पाचांशी चाललेला असतो.

हे होतं कसं? पिसू मांजराच्या अंगावर चढते, रक्त पिते आणि दीड-दोन दिवसांतच अंडी घालायला लागते. एक मादी रोज चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटून बसत नाहीत. ती गुळगुळीत असतात, घरंगळून खाली पडतात. मांजर जिथे जास्त वेळ लोळतं तिथे जास्त. म्हणजे तुमची गादी, सोफ्याच्या फटी, पायपुसणं, कोपऱ्यात घडी करून ठेवलेली गोधडी. अंड्यांतून बारीक पांढुरक्या अळ्या निघतात. त्यांना उजेड आवडत नाही, त्यामुळे त्या फटीत, गादीखाली सरकतात. खायला काय? मोठ्या पिसवांची वाळलेली रक्ताळ विष्ठा, जी मांजराच्या अंगावरून खाली झडत असते.

मग अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते. त्याला धूळ चिकटते आणि तो दिसेनासाच होतो. आणि खरा व्हिलन हाच! कोषावर कुठल्याही स्प्रेचा फारसा परिणाम होत नाही. आतली पिसू तयार झाली तरी घाई करत नाही. गरज पडली तर पाच-सहा महिनेसुद्धा बसून राहते. जमिनीला पावलांचा हादरा जाणवला, अंगाची ऊब आली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला की मगच बाहेर उडी. आता कळलं ना, बंद घराचं दार उघडताच हल्ला का होतो ते? आधीच्या भाडेकरूने कुत्रा पाळला असेल, तर तुम्ही प्राणी न पाळताही हे स्वागत तुमच्या नशिबी येऊ शकतं.

कूलरची कृपा, पावसाचा कहर

पिसवांच्या पिल्लावळीला लागतो ओलावा. हवा कोरडी असेल तर अळ्या सुकून मरतात. म्हणजे नंदुरबारचा एप्रिल-मे, पारा बेचाळीसच्या पुढे, अंगण तापून तवा झालेलं... तिथे त्यांची डाळ शिजत नाही. पण घरात काय चाललेलं असतं? दिवसभर पाण्याचा कूलर! दारं-खिडक्या नीट उघडल्या नाहीत तर खोलीत गारव्याबरोबर ओलही साठते. दिवाणाखाली, जिथे ऊन कधी पोचत नाही, तिथे त्यांचं हिल स्टेशन तयार.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मग विचारायलाच नको. ऊबदार, दमट हवेत अंड्यापासून उडणाऱ्या पिसवेपर्यंतचा प्रवास तीनेक आठवड्यांतही पुरा होतो. म्हणून गणपती ते दिवाळी हा पिसवांचा फुल्ल सीझन.

हे दुखणं फक्त फ्लॅटवाल्यांचं आहे असं समजू नका हं. वर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर माणसं आणि शेळ्या-कोंबड्या बऱ्याचदा एकाच छपराखाली राहतात. कुत्र्या-मांजरांवरच्या पिसवांची भावंडं शेळ्यांनाही धरतात. मातीच्या जमिनीच्या भेगांमध्ये त्यांची वस्ती असते. शेळीच्या लहान करडांवर खूप पिसवा झाल्या तर रक्त कमी होऊन ती दगावू शकतात. आपल्याला खाज सुटते, तिथे घरची बचत जाते.

आधी खात्री, मग औषध

अंगाला खाज आली म्हणजे पिसूच असं नाही. ढेकूण रात्री अंथरुणात चावतात आणि उडी मारत नाहीत. गोचीड कातडीला घट्ट चिकटून फुगते. पिसू बारीक, तपकिरी-काळी, बाजूंनी चपटी, आणि बोटांत सापडत नाही! तिचे चावे बहुतेक वेळा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, दोन-तीनच्या घोळक्याने दिसतात.

दोन घरगुती टेस्ट करून बघा. एक, उवांच्या बारीक फणीने मांजराची पाठ, विशेषतः शेपटीच्या मुळाजवळ, विंचरा. निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती लालसर-तपकिरी रंग पसरला तर ती माती नाही, पचलेलं रक्त आहे. दोन, रात्री खोलीत अंधार करून जमिनीवर एका बशीत साबणाचं पाणी ठेवा आणि वर छोटा दिवा लावा. सकाळी बशीत पिसवा बुडालेल्या दिसल्या की केस पक्की. पण या बशीने पिसवा संपत नाहीत. तिने फक्त कळतं की त्या आहेत.

औषध आणताय की विष?

इथे मात्र मस्करी बाजूला. पिसवांमुळे मांजर सहसा मरत नाही. पिसवांच्या औषधाने मात्र मरू शकतं!

कुत्र्यांसाठीच्या अनेक थेंबांत, पावडरींत, शाम्पूंत परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते बहुधा चालतं. मांजराच्या लिव्हरला ही औषधं नीट मोडून काढता येत नाहीत. कुत्र्याचं औषध ‘थोडंसंच’ लावलं तरी मांजर थरथरायला लागतं, तोंडाला लाळ येते, झटके येतात. गोचिडांसाठी जनावरांवर वापरतात ते अमिट्राझही मांजराला नको. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर जास्तच जपून. ती एकमेकांना चाटतात.

नंदुरबारसारख्या ठिकाणी आणखी एक धोका आहे. हा मिरची-कापसाचा पट्टा, शहादा-तळोद्याकडे केळी-पपई. शेतीवरची कीटकनाशकं घराघरात, नाहीतर कोपऱ्यावरच्या कृषी केंद्रात सहज मिळतात. ‘‘पिकावरची कीड मरते, तर पिसू काय चीज आहे!’’ म्हणत तेच बादलीत कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारे महाभाग कमी नाहीत. प्लीज, असं करू नका. पिकासाठीचं औषध कातडीसाठी बनवलेलं नसतं. कुत्र्याबरोबर तुमच्या हातांतूनही ते अंगात जातं. रॉकेल, फिनाइल, डांबरगोळ्या, खायला लसूण, टी ट्री ऑइल... हे सगळे ‘रामबाण’ही कचऱ्यात टाका. फिनाइल आणि टी ट्री ऑइल मांजराला बाधतं, लसूण कुत्र्या-मांजरांचं रक्त बिघडवतो. कपाटामागे जुन्या काळची गॅमॅक्सिन पावडर निघाली तर तिला हातही लावू नका.

चुकून भलतं औषध लागलंच तर? मांजर शुद्धीत आणि शांत असेल तर कोमट पाण्याने, भांड्यांच्या लिक्विड साबणाने धुऊन काढा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि औषधाच्या पुडक्यासकट डॉक्टरकडे पळा. झटके येत असतील तर आंघोळीत वेळ घालवू नका, थेट डॉक्टर!

डॉक्टर कुठे मिळणार, हा पुढचा प्रश्न. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे गाई-म्हशींचा, असा आपला समज असतो. मांजर-कुत्र्यालाही तिथे दाखवता येतं. प्राण्याचं वय आणि वजन नक्की सांगा. फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब, कुत्र्यांसाठी महिना किंवा तीन महिने चालणाऱ्या गोळ्या, असे चांगले पर्याय आज आहेत. कुठला आणि किती हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. ससा पाळला असेल तर फिप्रोनिल त्याला मुळीच नको. आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांना शक्यतो फक्त फणी आणि काळजी. त्यांच्या हिरड्या पांढरट दिसल्या तर रक्त कमी झालंय, तेव्हा वाट बघू नका.

‘‘अहो, प्लेग होईल ना!’’

शेजारपाजारी हे वाक्य येतंच, आणि ते अगदीच हवेतलं नाही. उंदरापासून माणसापर्यंत प्लेग पिसू पोचवते, हे पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवलं. मुंबईत तेव्हा दोन वर्षं प्लेगने थैमान घातलं होतं. आणि अगदी अलीकडे, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घरोघरी पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर मरून पडले आणि मग गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण दिसले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लोक मिळेल त्या गाडीने शहराबाहेर पडले. सुरत-भुसावळ लाइनवर असलेल्या नंदुरबारकरांना ती भीती नव्याने सांगायला नको.

पण ती पिसू मुख्यतः उंदरावरची, जात वेगळी. तुमच्या मनीच्या अंगावर असते ती मांजर-कुत्र्यांची. ती प्लेगसाठी बदनाम नाही. तिच्यापासूनचा नेहमीचा त्रास म्हणजे खाज, प्राण्याला त्वचेची ॲलर्जी आणि पिसू गिळल्याने पोटात होणारा जंत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर तोच. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्यालाही तो होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. घरात उंदीर असतील तर आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. उंदीर मेला की त्याच्यावरच्या पिसवा नवं घर शोधतात, म्हणजे तुम्हाला! आणि आजूबाजूला उंदीर आपोआप मरून पडायला लागले तर हात न लावता आरोग्य विभागाला कळवा.

तीन महिन्यांचं टाइमटेबल

पहिला दिवस : घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी औषध. एकाला आज, दुसऱ्याला पुढच्या रविवारी, असं चालत नाही. चादरी, गोधड्या, पायपुसणी गरम पाण्यात धुवा. गाद्या कडक उन्हात टाका.

पहिले दोन आठवडे : रोज झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर. दिवाणाखाली, सोफ्याच्या फटीत, भिंतीच्या कडेने. कामाला येणाऱ्या मावशींना ‘जरा कोपऱ्यात बघा’ म्हणून सोडू नका, दिवाण तुम्ही सरकवा. केर लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. कूलर लावताना खिडकी उघडी ठेवा.

पेस्ट कंट्रोल बोलावलंत तर : अंडी-अळ्यांची वाढ थांबवणारं औषध आहे का, हे विचारा. फवारणी पूर्ण सुकेपर्यंत प्राणी आणि मुलं बाहेर. माशांची टाकी झाका, तिचा पंप बंद करा.

दुसरा महिना : नव्या पिसवा दिसतील. ‘औषध फुकट गेलं’ म्हणून वैतागू नका. कोषातून उशिरा निघालेल्या आहेत त्या. डॉक्टरांनी सांगितलेला पुढचा डोस तारखेला द्या.

तिसरा महिना : पुन्हा डोस, जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, आणि फणीची टेस्ट. कागद पांढराच राहिला की जिंकलात!

मांजर राहू दे घरात

सगळ्यात कामाची गोष्ट शेवटी. औषध लावलेलं मांजर घरात असणं तुमच्याच फायद्याचं असतं. कोषातून निघालेली भुकेली पिसू त्याच्या अंगावर उडी मारते आणि औषधाने मरते, अंडी घालायच्या आधीच. म्हणजे चालतं-फिरतं, म्याऊ करणारं पिसू-मशीन! त्याला बाहेर काढलंत तर मशीन गेलं, पिसवा राहिल्या.

आणि पाळलेल्या जनावराला उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मालकीणबाईंना हे दोन्ही मुद्दे नीट, चहा पाजून समजवा. वर म्हणा, ‘‘मावशी, तीन महिने द्या. पिसू दिसली तर मी घर सोडतो, मांजर नाही.’’ बहुतेक वेळा त्या हसतात. आणि आपलं मांजर आपल्या घरात राहतं.