बोट कोण चालवत होता, आणि तपास करणारा कोणाचा माणूस?



समुद्रात दोन बोटी आदळल्या, कोणी जखमी झालं किंवा गेलं, की जेटीवर पहिला प्रश्न येतो : सुकाणू कोणाच्या हातात होतं? दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो : तो कोणाचा माणूस? आज या दुसऱ्या प्रश्नावर लिहीत आहोत. उदाहरण अमेरिकेतलं आहे, पण बोटीचं आहे, म्हणून आपल्याला लगेच कळेल.

साउथ कॅरोलायना राज्याचा किनारा खाड्यांचा, कोळंबी पकडणाऱ्यांचा. २४ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे तिथं एक १७ फुटी बोट पुलाच्या खांबाला आदळली. बोटीवर सहा तरुण मुलंमुली, दारू प्यायलेली. १९ वर्षांची एक मुलगी पाण्यात फेकली गेली. तिचा मृतदेह आठवड्यानं सापडला.

बोट मर्डॉ कुटुंबाची. त्या भागातल्या पाच जिल्ह्यांचा मुख्य सरकारी वकील निवडून येतो, आणि कोणावर खटला भरायचा हे तोच ठरवतो. १९२० ते २००६ ही खुर्ची याच एका घरात होती, सलग तीन पिढ्या. ज्याच्यावर संशय होता तो पॉल हा शेवटच्याचा नातू. पॉलचे वडील ॲलेक्स हेसुद्धा वकील, त्याच सरकारी कार्यालयाचा बिल्ला बाळगणारे.

आता त्या रात्री काय झालं बघा. घटनास्थळी पॉलची दारूची चाचणी झालीच नाही. रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा प्रमाण ०.२८६ निघालं. कायद्याची मर्यादा ०.०८, म्हणजे तिपटीहून जास्त! वडील आणि आजोबा रुग्णालयात पोचले. वडील बाकीच्या मुलांना गाठायला धडपडत होते, असं तिथल्या कर्मचाऱ्यांनी नंतर सांगितलं. सुकाणू दुसऱ्याच मुलाकडे असेल, अशी शंका तपासात शिरली. आपल्याला अडकवायचा प्रयत्न झाला, असा आरोप त्या मुलानं पुढे केला.

तिथल्या सरकारी वकिलांनी एक योग्य गोष्ट केली. या घराशी जुना संबंध असल्यानं ते स्वतः बाजूला झाले आणि प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांकडे गेलं. एप्रिल २०१९ मध्ये पॉलवर तीन गंभीर आरोप ठेवले गेले. त्यानं ते नाकारले, जामीन मिळाला. खटला उभा राहण्याआधीच, जून २०२१ मध्ये, पॉल आणि त्याच्या आईचा गोळ्या घालून खून झाला. २०२३ मध्ये ज्युरीनं त्या खुनांसाठी वडिलांनाच दोषी ठरवलं.

बुडालेल्या मुलीच्या आईनं मात्र वेगळा दिवाणी दावा लावला होता. त्या दाव्यात ॲलेक्सच्या पैशांचा हिशेब मागितला गेला. अशिलांचे लाखो डॉलर त्यानं लाटले होते, हे पुढे उघड झालं आणि त्यानं गुन्हा कबूल केला. एका आईनं कागद सोडला नाही, म्हणून हे बाहेर आलं.

यातून घ्यायचं ते एवढंच : पक्षपात व्हायला लाच द्यावीच लागते असं नाही. नातं, जुनी ओळख, एकाच ऑफिसातली ऊठबस पुरते. चाचणी राहून जाते, जबाब उशिरा होतो, आणि पुरावा भरतीबरोबर निघून जातो.

आपल्या देशातही हे झालंय. जयललिता मुख्यमंत्री असताना त्यांच्याच सरकारनं नेमलेला वकील त्यांच्याविरुद्धचा खटला चालवत होता. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये तो खटला चेन्नईहून बेंगळुरूला हलवला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आपल्याला हे हक्क आहेत :

• गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज (कलम १७३, १७५).
• तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं (कलम १९३).
• सरकारी वकिलाला साथ द्यायला कोर्टाच्या परवानगीनं आपला वकील ठेवता येतो (कलम १८).
• खटला मागे घेण्याआधी कोर्टानं पीडिताचं ऐकून घ्यायला हवं (कलम ३६०).
• निःपक्ष सुनावणी होणार नाही अशी रास्त भीती असेल तर उच्च न्यायालय खटला दुसरीकडे हलवू शकतं (कलम ४४७).

तांडेलांनी आणि बोटमालकांनी लक्षात ठेवावं : टक्कर झाली की आधी माणसं वाचवा, तटरक्षक दलाला १५५४ आणि सागरी पोलिसांना १०९३ वर कळवा. समोरच्या बोटीचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या, जीपीएसची नोंद पुसू नका, तुटलेला भाग फेकू नका, आणि दोन्ही सुकाणूवाल्यांची दारूची चाचणी तिथल्या तिथं मागा.

आणि मंडळी, आपल्या घरातही बघूया. टक्कर झाली, जाळं फाटलं की तक्रार आधी संस्थेत येते आणि "मिटवून टाका" असं आपणच म्हणतो. मिटवणारा बहुतेक वेळा एका बाजूचा मामा, व्याही किंवा भागीदार असतो. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडतोय : ज्या समिती सदस्याचं कोणत्याही पक्षाशी नातं किंवा पैशाचा व्यवहार असेल, त्यानं चौकशीतून बाहेर राहावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. माणूस मेला किंवा जबर जखमी झाला असेल तर संस्थेत मिटवामिटवी नाही, थेट पोलीस.

ठरावाला विरोध असेल तरी या, सभेत तोंडावर बोला. खलाशांच्या घरच्या बायकांनी तर जरूर यावं. टकरीनंतर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्यांनाच चढाव्या लागतात.