जसे धान्य, तशी शय्या

धान्याच्या व्यापारात ज्याचे आयुष्य गेले, त्यास ओलाव्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. आमच्या आदिलाबादच्या बाजार आवारात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की पहिला प्रश्न ओलाव्याचाच निघतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांवर गेला की सरकारी खरेदीतून माल परत, हा हिशेब येथे सर्वांस पाठ आहे. गोदामात पोती भुईस टेकू नयेत, भिंतीस लागू नयेत, म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून जपतो. परंतु ज्या गादीवर आयुष्याचा तिसरा हिस्सा जातो, तिच्या ओलाव्याची विचारपूस कोण करतो?

पुष्कळ घरांत सकाळी उठताच शिंकांची सरबत्ती सुरू होते. नाक चोंदते, डोळे खाजतात, रात्री कोरडा खोकला लागतो, क्वचित मुलांच्या छातीत घरघर ऐकू येते. झोप मोडली की मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही व वडिलांचे पेढीवर. ‘सर्दीची प्रकृती आहे’ म्हणून आपण ते सोडून देतो. मात्र ताप नसता हा त्रास महिनोन्‌महिने चालत असेल, आणि अंथरुणात वा झाडलोटीच्या वेळी वाढत असेल, तर ते बहुधा धुळीचे वावडे, म्हणजे अ‍ॅलर्जी, असते.

धूळ तीच, मग घरातील धुळीनेच विशेष त्रास का, याचा उलगडा १९६४ साली हॉलंडमधील लायडन येथे व्होरहॉर्स्ट, स्पीक्स्मा आदी संशोधकांनी केला. कोळ्याच्या वर्गातील एक अतिसूक्ष्म जीव, ज्यास माइट म्हणतात, या वावड्याचे मूळ असल्याचे त्यांनी दाखवले. त्याची लांबी मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. वावडे येते ते मुख्यतः त्याच्या विष्ठेचे, हे १९८१ साली स्पष्ट झाले. त्याच्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘फरिनी’, म्हणजे पिठाची. शिवाय त्याचे काही भाऊबंद साठवणीच्या धान्यातही आढळतात. तेव्हा हा पाहुणा व्यापाऱ्यास अगदीच परका नव्हे.

हा जीव पाणी पीत नाही. लागणारे पाणी तो हवेतून शोषतो. हवा दमट असेल तर तो वाढतो. ती दीर्घकाळ कोरडी राहिली की टिकत नाही. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो व हवा आपोआप कोरडी होते. पण बंद खोलीत कूलर लावून तो कोरडेपणाही आपण घालवतो. पुढे थंडी पडते, आणि वर्षभर पेटीपलंगात दडपलेल्या रजया ऊन न दाखवता थेट अंगावर येतात. शिंकांचा मोसम तेथून सुरू झाला तर नवल काय?

येथे आपल्या समाजापुढे एक प्रश्न उभा राहतो. ६० अंशांच्या गरम पाण्यात चादरी धुतल्या असता हे जीव मरतात, असे डॉक्टर सांगतात. मग अहिंसेचे काय? आमच्या अल्पमतीस वाटते की याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. साधु-साध्वी वस्त्रे व शय्या यांचे पडिलेहण नित्य करतात. त्यातील जयणा हीच की जीवास बाधा होऊ नये, आणि मुळात जीवोत्पत्तीस वाव मिळू नये. कोरडी व स्वच्छ शय्या राखली तर पुढची हिंसा बरीचशी टळते. थंड पाण्याने धुतल्यास बहुतेक जीव टिकतात. पण वावडे आणणारा पदार्थ पुष्कळसा निघून जातो. ज्या घरात मूल धापा टाकते, त्या घराने मात्र डॉक्टरांचे ऐकावे. श्वास कोंडलेल्या बालकाविषयीही दया असतेच.

करावयाचे उपाय साधे आहेत. चादरी व अभ्रे आठवड्यास धुवावेत. गादी-उशांना घट्ट विणीची खोळ घालावी. अंथरुणे वारंवार कडक उन्हात टाकावीत. पेढीवरील लोड-तक्केही विसरू नयेत. कापूस पिंजावयाचा असल्यास तो घराबाहेर, आणि रोग्यास दूर ठेवून. केरसुणीने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे व खोली लगेच वाळू द्यावी. कूलर लावताना खिडकी उघडी ठेवावी. धान्याची पोती निजावयाच्या खोलीत नकोत, आणि गोदामातून आल्यावर स्नान व वस्त्रांतर केल्यावाचून अंथरुणास शिवू नये.

एक गोष्ट विशेष बजावून सांगतो. गोदामात धुरीसाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातील किडीसाठी कदापि आणू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. तो शेजारच्या खोलीतही शिरतो, आणि त्यावर उतारा नाही. अशा गोळ्यांपायी आपल्या देशात झोपेतच माणसे व मुले दगावली आहेत. पुष्कळांचे राहणे दुकानाच्या माडीवर किंवा मागे असते. त्यांनी तर दुप्पट सावध असावे.

केवळ खोळ घातली म्हणजे काम झाले, असेही नव्हे. इंग्लंड व हॉलंड येथील प्रयोगांत नुसत्या खोळीने प्रौढांना लाभ दिसला नाही, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. उलट दमेकरी मुलांना खोळींनी इस्पितळाच्या खेपा कमी पडल्याचे इंग्लंडमध्ये २०१७ साली आढळले. म्हणून सर्व उपाय एकत्र योजावेत. त्वचेवरील चाचणीने वावड्याची खात्री करून घ्यावी, आणि नाकातील फवारा वा दम्याचा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर लोकलाजेस्तव तो टाकू नये. पंपाची सवय लागते, हा समज निराधार आहे. मृगाच्या सुमारास हैदराबादेस मिळणारे दम्याचे औषध श्रद्धेने कोणी घेतले, तरी रोजचे उपचार त्यासाठी थांबवू नयेत.

भिजलेले धान्य उन्हात घातल्यावाचून आपण कोठारात भरत नाही. तोच नियम यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत रजई-गाद्यांस लावावा, अशी आमची सर्व सभासदबंधूंस व विशेषतः भगिनींस विनंती आहे. आपणां सर्वांच्या घरी निरामय निद्रा नांदो, हीच सदिच्छा.