बोलणी कोणी करावीत, कशाच्या बळावर?

पुणे आणि विरोधी पक्ष : लेखांक सहावा

विरोधकांनी सभागृहात काय करावं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळचा प्रश्न सभागृहाबाहेरचा आहे. सत्ताधाऱ्यांनी बोलावलं तर विरोधी पक्षांनी चर्चेला जावं का? गेलं की ‘मॅनेज झाले’, न गेलं की ‘आडमुठे’. कार्यकर्ता या दोन शिक्क्यांमध्ये अडकतो. माझं मत आधीच सांगतो : जावं. मात्र कोण जातं आणि त्याच्या पाठीशी काय आहे, यावर सगळं ठरतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याइतकं हे दुसऱ्या कशातूनही स्पष्ट होत नाही.

या लढ्याची पहिली दहा वर्षं संयुक्त महाराष्ट्र परिषदेची. अध्यक्ष शंकरराव देव. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ तिची बाजू मांडत होता. युक्तिवादात परिषद कुठेच कमी नव्हती. ऑक्टोबर १९५५मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्यात मुंबई राज्य द्विभाषिक आणि विदर्भ वेगळा. बोलणी दिल्लीत सुरू झाली आणि त्यातच देवांनी विदर्भासह मोठ्या द्विभाषिकाचा पर्याय पुढे केला. मागणी एकभाषिक राज्याची होती. ती मागणाऱ्यांनीच सैल केली. देवांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. अडचण निराळी होती. परिषदेचे वजनदार नेते काँग्रेसचेच, म्हणजे समोर बसलेल्या श्रेष्ठींचाच आदेश त्यांना पाळायचा होता. त्याच वर्षी डिसेंबरात फलटणला काँग्रेसच्याच यशवंतराव चव्हाणांनी महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठं ठरवलं. ज्यांना ‘नाही’ म्हणून उठता येत नव्हतं, ते वाटाघाटी करत होते.

१६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. मुंबई पेटली, गोळीबारात माणसं मेली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ६ फेब्रुवारीला, पुण्यात टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदुमहासभा अशी एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी एका मागणीवर एकत्र आली. सरचिटणीस एस. एम. जोशी, म्हणजेच एसेम. आता जोर युक्तिवादावर नव्हता, मतपेटीवर होता. १९५७च्या निवडणुकीत पुण्यातून नानासाहेब गोरे लोकसभेत गेले, तेही काकासाहेब गाडगीळांसारख्या मातब्बराला हरवून. एसेम स्वतः विधानसभेत पोचले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले. समितीने काळी निशाणं घेऊन निदर्शनं केली. माथी भडकलेली होती, पण एसेम यांचा शांततेवरचा आग्रह सुटला नाही. निदर्शनं प्रचंड झाली आणि शांततेत पार पडली. ही शिस्त मी फार मोलाची मानतो. विरोधाचा आकारही दिसला आणि उद्या याच माणसांशी बोलता येईल, हेही दिसलं.

पण बोलणी झाली ती काँग्रेसच्या आतच. १९५९मध्ये इंदिरा गांधी पक्षाध्यक्ष असताना पक्षाने, केंद्रशासित मुंबईऐवजी अस्तित्वात आलेलं द्विभाषिक राज्य मोडायचं ठरवलं; ४ डिसेंबरला कार्यकारिणीचा ठराव आला. तपशील काँग्रेसजनांनीच आपसात ठरवले. डांग, उंबरगाव गुजरातकडे गेले आणि गुजरातला पैसे देणंही मान्य झालं. बेळगाव तर १९५६पासून म्हैसूर राज्यात होतं. ते या हिशेबात आलंच नाही. १९५५ साली बसलेल्यांकडे बळ नव्हतं, १९५९ साली बळ असलेले बसलेले नव्हते. बेळगाव, कारवार या दोहोंच्या मधल्या फटीत राहिलं, असं मला वाटतं. पुढे महाराष्ट्र आणि म्हैसूर या दोन्ही राज्यांची चार जणांची समिती झाली, एकमत झालं नाही. १९६६मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं, महाजन आयोग आला आणि त्याचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

राजकीय किंमतही समितीनेच मोजली. राज्य आलं, नव्या राज्याचा मंगल कलश यशवंतरावांच्या हाती आला, प्रजासमाजवादी समितीतून बाहेर पडले आणि १९६२ साली काँग्रेसने २६४पैकी २१५ जागा जिंकल्या. श्रेय जाईल या भीतीने बोलणी टाळणारा पक्ष हाच आकडा पुढे करतो. भीती खरी आहे. पण श्रेय गेलं तरी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, आणि एसेमना तेच हवं होतं.

बोलणी फिसकटण्याच्या भीतीला मात्र पुण्यातच उतारा सापडतो. ऑगस्ट १९३०मध्ये सप्रू आणि जयकर यांच्या मध्यस्थीने येरवडा तुरुंगात बोलणी झाली. मोतीलाल व जवाहरलाल नेहरूंना नैनीहून खास गाडीने आणलं. काँग्रेसच्या कैदी नेत्यांनी १५ ऑगस्टच्या पत्रात आपल्या अटी लिहून दिल्या. सरकारने त्या फेटाळल्या, पण कशावरून फिसकटलं हे लोकांना ठाऊक होतं. बाहेर सत्याग्रह चालूच होता.

अलीकडचं उदाहरण घ्या. ९ जुलै २०२४ रोजी मराठा-ओबीसी आरक्षणावर सह्याद्री अतिथिगृहात सर्वपक्षीय बैठक झाली. विरोधातली महाविकास आघाडी गेली नाही. सरकार विश्वासात घेत नाही, ही तक्रार रास्त असेलही. तरीही जायला हवं होतं. आपली भूमिका कागदावर लिहून, त्याची प्रत आधी लोकांसमोर ठेवून.

पुढील लेखांकात : पुणे करार, १९३२.