मूळपेशींचे अभियंते आणि सरकारी अध्यासने

संशोधनाला सरकारने पैसा द्यावा हे आपल्याकडे सगळ्यांनाच मान्य असते, भाषणांतून तर फारच. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. तो पैसा तीन वर्षांच्या प्रकल्पाला द्यायचा, की तो प्रकल्प करणाऱ्या माणसाच्या पुढल्या पंधरा-वीस वर्षांना? काही विषयांत कसाही दिला तरी फारसे बिघडत नाही. मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या अभियांत्रिकीत मात्र सगळे जमते किंवा फसते ते इथेच, असे माझे मत आहे. कॅनडाने गेल्या पाव शतकात माणसाला पैसा देण्याचा प्रयोग करून पाहिला आणि त्याची बरी-वाईट दोन्ही फळे चाखली. म्हणून पुरावा तिथूनच घेतलेला बरा.

या विद्याशाखेचे मूळही कॅनडातच सापडते. १९६१ साली टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक एकत्र काम करत होते. टिल भौतिकशास्त्रज्ञ, मॅक्युलक रक्तविकारांचे डॉक्टर. उंदरांना किरणोत्साराचा जीवघेणा डोस द्यायचा, मग दुसऱ्या उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी त्यांना टोचायच्या आणि काय होते ते पाहायचे, असा प्रयोग चालला होता. एका रविवारी उंदरांच्या प्लीहा तपासताना मॅक्युलकना त्यांवर गाठी दिसल्या. त्यांनी त्या मोजल्या. जितक्या जास्त पेशी टोचलेल्या, तितक्या जास्त गाठी. आलेखावर जवळपास सरळ रेघ. दर दहा हजार पेशींमागे साधारण एक गाठ पडत होती. एक गाठ एकाच पेशीपासून वाढते हे त्यांच्या गटाने १९६३ मध्ये दाखवले, आणि मज्जेत क्वचितच आढळणाऱ्या पण रक्ताच्या निरनिराळ्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचा पुरावा जगाच्या हाती आला. गाठी पाहिल्या डॉक्टरने, पण त्यांचे गणित जमले ते भौतिकशास्त्रज्ञ शेजारी होता म्हणून. या विषयात दोन विद्या एकाच टेबलाशी बसाव्या लागतात, आणि तशी बैठक बसायला वर्षे जातात.

पुढची अडचण आकड्यांची होती. रक्ताचा कर्करोग झालेल्यांना बाळाच्या नाळेतल्या रक्तातून मूळपेशी देता येतात, पण एका नाळेतून मिळणाऱ्या पेशी मोठ्या माणसाला बहुधा अपुऱ्या पडतात. मग त्या बाहेर वाढवायच्या. दुधात विरजण घालावे आणि सकाळी दही लागावे, असे इथे होत नाही. पात्रात वाढता वाढता मूळपेशींपासून पक्व पेशी तयार होतात, आणि त्या असे रेणू सोडतात की उरलेल्या मूळपेशींची वाढच अडते. रासायनिक अभियांत्रिकी शिकून या क्षेत्रात आलेले पीटर झांडस्ट्रा यांनी टोरांटोत याकडे कारखान्यातल्या नियंत्रणाचा प्रश्न म्हणून पाहिले: पात्रात ताजे पोषक द्रव्य ठरावीक गतीने सोडत राहिले, तर अडवणारे रेणू विरळ होतील. २०१२ साली त्यांच्या गटाने या पद्धतीने मूळपेशी सुमारे अकरा पटींनी वाढवून दाखवल्या. मॉन्ट्रियलच्या गी सोव्हाजो यांच्या प्रयोगशाळेत हाती आलेला यूएम१७१ नावाचा रेणू दोन वर्षांनी या पद्धतीला जोडला गेला. नंतर रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि या रेणूने वाढवलेल्या पेशींच्या उपचाराला युरोपीय संघाने सशर्त परवानगी दिली ती २०२५ मध्ये. झांडस्ट्रा पीएच.डी. करत होते ते १९९० च्या दशकात. मधल्या काळात तीन-तीन वर्षांचे किती प्रकल्प संपले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

झांडस्ट्रा यांच्या पदाचे नावच मुळी ‘कॅनडा रिसर्च चेअर इन स्टेम सेल बायोइंजिनिअरिंग’ असे होते. ही अध्यासन योजना २००० साली सुरू झाली. नव्वदच्या दशकात तिथे सरकारी खर्चाला कात्री लागली होती आणि चांगले संशोधक सीमा ओलांडून अमेरिकेत जात होते. तेव्हा केंद्र सरकारने दोन हजार अध्यासनांची तरतूद केली: नावारूपाला आलेल्या संशोधकासाठी विद्यापीठाला सात वर्षे दरसाल दोन लाख कॅनेडियन डॉलर, उमेदीतल्या संशोधकासाठी पाच वर्षे दरसाल एक लाख. रक्कम काही डोळे दिपवणारी नाही. पण सात वर्षे पगाराची काळजी मिटली की माणूस असा प्रश्न हाती घेऊ शकतो ज्याचे उत्तर पहिल्या दोन वर्षांत येणार नाही. तिथल्या वैद्यकीय संशोधन निधीच्या अलीकडच्या स्पर्धांत दर पाच अर्जांतले चार तरी परत येतात. अशा स्पर्धेवर पोट असलेला संशोधक उत्तर आधीच अर्धे दिसते तोच प्रश्न निवडतो. त्याला दोष तरी कसा द्यावा?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: एवढे उपयोगी काम असेल तर कंपन्या करतील, करदात्याने का झळ सोसावी? अमेरिकेच्या जेरॉन कंपनीने २०१० मध्ये मणक्याला इजा झालेल्या रुग्णांवर भ्रूणीय मूळपेशींपासून घडवलेल्या पेशींची चाचणी सुरू केली, तेव्हा तिचा केवढा गाजावाजा झाला. वर्षभरातच, नोव्हेंबर २०११ मध्ये, कंपनीने ती बंद केली. पैशांची चणचण होती आणि कर्करोगाच्या औषधांकडे वळणे तिला सोयीचे वाटले. ते काम पुढे दुसऱ्या कंपनीने उचलले, तेही कॅलिफोर्निया राज्याच्या निधीच्या आधाराने. कंपनीचे वागणे तिच्या हिशेबाने बरोबरच होते. भागधारक पंधरा वर्षे थांबत नाहीत, एवढेच यातून दिसते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. पैसा आपला आणि मलई परक्यांची, असे होत नाही का? होते. टोरांटोत गॉर्डन केलर आणि मायकल लाफ्लाम यांच्या हृदयपेशींवरच्या कामातून ब्लूरॉक ही कंपनी उभी राहिली, आणि २०१९ मध्ये जर्मनीच्या बायरने ती पूर्ण ताब्यात घेतली. पण यावर उपाय म्हणून अध्यासने बंद केली तर विकायलाही काही उरणार नाही. शोध आणि रुग्ण यांच्यातला टप्पा, म्हणजे शुद्ध पेशी मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची सोय, देशात उभी करणे हा खरा उपाय. टोरांटोत २०११ साली सीसीआरएम ही संस्था त्यासाठीच निघाली.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे सहज उत्तर नाही. माणसाला पैसा द्यायचा म्हटले की माणूस कोण निवडतो हे आलेच, आणि निवडणारे आपल्यासारखेच निवडतात. योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत स्त्रियांचे प्रमाण एक पंचमांशही नव्हते. २००३ मध्ये आठ प्राध्यापिकांनी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली, २००६ मध्ये तडजोड झाली, तरी विद्यापीठे ढिम्मच. याच धर्तीच्या एका अधिक श्रीमंत योजनेत २०१० साली पहिली एकोणीस अध्यासने जाहीर झाली, एकोणीसही पुरुष. शेवटी सरकारने बजावले की ठरलेले प्रमाण गाठा, नाहीतर अध्यासने काढून घेऊ, तेव्हा कुठे विद्यापीठे हलली. योजना मोडीत काढण्याचे हे कारण नव्हे, पण असा चाप पहिल्या दिवसापासून हवा होता.

याहून मोठी चूक तळाशी झाली. प्रयोगशाळेत रात्री पेशींचे द्रव्य बदलायला प्राध्यापक येत नाहीत, पीएच.डी.चे विद्यार्थी येतात. पेशींना शनिवार-रविवार कळत नाही. आणि अध्यासनांचा एवढा गौरव करणाऱ्या याच देशाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांची केंद्रीय शिष्यवृत्ती २००३ पासून वीस वर्षे १७,५०० डॉलरवर गोठवून ठेवली. घरभाडी कुठल्या कुठे गेली तरी आकडा तोच. मे २०२३ मध्ये विद्यार्थी आणि संशोधक काम सोडून बाहेर आले. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात रक्कम वाढली: पदव्युत्तरला २७,०००, पीएच.डी.ला ४०,०००, त्यानंतरच्या संशोधकाला ७०,००० डॉलर. मधल्या वीस वर्षांत किती जणांनी हे क्षेत्र सोडले, त्याची भरपाई कुठल्याही अध्यासनाने होणार नाही. माणसाच्या वर्षांना पैसा द्यायचा तर तो पहिल्या वर्षापासून दिला पाहिजे. पन्नाशीतल्या नामवंताला देऊन जे मिळते ते आधीच घडलेल्या माणसाचे फळ असते.

आपल्याकडे गाडी नेमकी इथेच अडते. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, बेंगळुरूला मूळपेशींसाठी वेगळी संस्था आहे, परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप पाच वर्षे चालते. कनिष्ठ संशोधन फेलोची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली, तीही मोर्चे आणि निवेदने झाल्यानंतर. ती दर महिन्याला वेळेवर मिळावी ही मागणी मात्र जुनीच आहे. घरातले कोणी या क्षेत्रात जायचे म्हणत असेल, तर प्रयोगशाळेचे नाव आणि प्राध्यापकांचे निबंध पाहण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारा: पैसे कोण देते, किती वर्षे देते, आणि गेल्या महिन्याचे आले का.