वादळ आणि शाळा

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फळा, खडू आणि घंटा येते. हवामान बदलत चालले आहे आणि त्यास तोंड देण्यात शाळेचा वाटा काय, असे विचारले तर बहुतेकजण म्हणतील की, पाठ्यपुस्तकात एक धडा घालावा आणि पावसाळ्यात मुलांकडून झाडे लावून घ्यावीत. धडा हवाच, झाडेही हवीत. परंतु शाळा याहून पुष्कळ अधिक करू शकते, हे बंगालच्या उपसागराकाठच्या गरीब माणसांनी जगाला दाखवून दिले आहे. आज त्यांचीच हकीकत सांगावयाची आहे.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगला देशच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. तीन ते पाच लाख माणसे मेली. अशा वादळात माणूस वाऱ्याने कमी आणि पाण्याने अधिक मरतो. वारा समुद्र लोटत आणतो. तेथे उपसागर उथळ आहे आणि नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. मग पाण्याला जावयास जागा उरत नाही आणि ते भिंतीसारखे उभे राहून सपाट जमिनीवर चढते. मागाहून पाहणी झाली तेव्हा आढळले की, वादळ येत आहे हे बहुतेकांच्या कानांवर आलेले होते. मग ते गेले का नाहीत? कारण जावयाचे कोठे, हेच कोणी सांगितले नव्हते. मैलोगणती सपाट भातखाचरे आणि बांबू-गवताच्या झोपड्या! जावे असे ठिकाण फार थोड्यांच्या आवाक्यात होते.

मी कामगारांत काम करणारा माणूस आहे. नोटीस फळ्यावर लावली म्हणजे ती कामगाराला पोचली असे होत नाही, हे आम्ही रोज पाहतो. ती समजावयास हवी, सांगणाऱ्यावर विश्वास हवा, आणि ती पाळणे परवडावयास हवे. वादळाच्या इशाऱ्याचेही तसेच आहे.

१९७२ साली तेथे सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून स्वयंसेवकांची योजना सुरू केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने आश्रय-इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळशा इमारती म्हणजे शाळाच होत. बांधणी साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. जाड खांबांवर इमारत उचललेली, खालचा मजला मोकळा, म्हणजे लाट आली तरी खांबांमधून निघून जाईल. वर्ग वरच्या मजल्यावर. एरवी तेथे मुले पाढे म्हणतात आणि इशारा होताच सारा गाव तेथे येतो.

निराळी इमारत न बांधता शाळाच का? नुसती आश्रयासाठी बांधलेली इमारत वर्षानुवर्षे बंद राहते. तिला गळती लागते, कुलूप गंजते, आणि ऐन वेळी किल्ली कोणापाशी आहे ते कळत नाही. शाळा रोज उघडते. तिची वाट गावातल्या लहानग्यालाही अंधारात सापडते. शिवाय तेथील मास्तरांचा शब्द गावात मानला जातो.

तरीही इमारतीने सारे साधत नाही. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. आश्रयस्थाने तेव्हा अपुरी होती. मृतांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून फार मोठे होते. घरातील पुरुषाच्या परवानगीवाचून बाहेर पडावयाचे नाही, परक्या पुरुषांच्या गर्दीत बसावयाचे कसे, हा संकोच जिवावर बेतला. म्हणून पुढे स्त्रियांसाठी निराळी खोली व शौचकूप यांची सोय होऊ लागली आणि स्त्रिया स्वयंसेवक झाल्या. आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. गाय मागे सोडून गरीब निघत नाही, हे ओळखून गुरांसाठी मातीचे उंच चौथरेही बांधले गेले. २००७ साली ‘सिद्र’ हे तितकेच भयंकर वादळ आले. त्यात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. हा आकडा लहान नव्हे, पण १९७० शी तो ताडून पाहावा.

आपल्याच देशातील ओडिशाचा अनुभव असाच आहे. १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार बळी गेले. त्यानंतर किनाऱ्यावर शेकडो आश्रयस्थाने उभी राहिली, त्यांतील कित्येक शाळांच्या आवारात. २०१९ च्या ‘फनी’ वादळाच्या वेळी बारा लाखांच्या आसपास लोक हलविले गेले आणि मृतांचा आकडा शंभरच्या आत राहिला.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गाव शाळेत राहतो तितके दिवस शाळा बंद असते. शिवाय उन्हाळा कडक होत चालला आहे, आणि पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलाला शाळा आश्रय देत नाही, तापच देते. युनिसेफच्या हिशेबाप्रमाणे २०२४ या एका वर्षात ८५ देशांतील निदान २४ कोटी २० लाख मुलांच्या शिक्षणात हवामानामुळे खंड पडला आणि त्यात उष्णतेच्या लाटांचा वाटा सर्वांत मोठा होता. शाळा बंद पडली की श्रीमंताच्या मुलाला घरी शिकविणारा मिळतो. गरिबाचा मुलगा कामाला लागतो, आणि एकदा मजुरी हाती आली की तो परत वर्गात येईलच असे नाही.

अरबी समुद्रही तापत आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कोकणातील कित्येक शाळांची छपरे उडाली. ज्या इमारतीने गावाला छप्पर द्यावयाचे तिचेच छप्पर जावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तेव्हा शाळेच्या सभेला जाल त्या वेळी परीक्षेच्या गुणांबरोबर आणखी चार प्रश्न विचारा. छप्पर कशाचे आहे? पुराचे पाणी कोठवर येते? प्यावयाचे पाणी किती दिवस पुरेल? रात्री किल्ली कोणापाशी असते? उत्तरे मिळेपर्यंत विचारीत राहा. आणि एकट्याने विचारू नका, दहा पालक मिळून विचारा.