मुळासकट गेलेला नरक्या

मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी 1966 मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सुटावा म्हणून एक विकर त्याचा धागा कापतं आणि पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन ती सांधणीच रोखून धरतं, आणि भराभर वाढणारी कर्कपेशी मरते. त्यापासून घडवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आज अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिली जातात.

हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं, तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी 1972 मध्ये ते जाहीर केलं.

पुढे औषधांना मागणी आली आणि जंगलात कुऱ्हाडी शिरल्या. महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंतच्या रानांतून नरक्याचं लाकूड चोरवाटांनी बाहेर जाऊ लागलं. खोड तोडलं तर खुंटाला पुन्हा फुटवे येतात, झाड सावरतं. पण द्रव्य मुळांतही भरपूर असल्याने झाड मुळासकट उपटलं जातं. मग फुटायला मागे काही उरतच नाही.

झाडं लावून ही तूट भरेल का? एवढं सोपं नाही. नरक्याची काही झाडं फक्त नरफुलं धरतात, त्यांना फळं लागत नाहीत. रोप फळणारं की नुसतं नर, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. एखाद्या रानातली फळणारी झाडं संपली, तर उरलेली कितीही हिरवी दिसोत, तिथे नवं बी पडणार नाही. शिवाय द्रव्याचं प्रमाण झाडागणिक बदलतं. म्हणून एकाच झाडाच्या बियांनी रोपवाटिका भरण्यापेक्षा अनेक रानांतून थोडं थोडं बी गोळा करायला हवं. उतीसंवर्धनाने रोपं वाढवता येतात, पण एकाच झाडाच्या हजार प्रती म्हणजे जंगल नव्हे.

प्रयोगशाळेत दुसरी वाटही शोधली गेली. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते, असं भारतीय संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं. झाड न तोडता औषध मिळण्याची ती मोठी आशा होती. मात्र अशा बुरश्या झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांची द्रव्य बनवण्याची क्षमता घटत जाते, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. तूर्त तरी फळणाऱ्या झाडांची नोंद ठेवणं आणि त्यांच्याभोवतीचं रान राखणं, हेच काम आधी व्हायला हवं.