वगाचे भवितव्य
सातारा-सांगलीकडील गावयात्रांत तमाशाचा फड उतरला, की जुन्या रसिकांत एक वाद हटकून रंगतो : वग आणखी किती दिवस चालणार? चित्रपटगीतांच्या फर्माइशींनी रात्र सरते आणि वग मागे पडतो, ही त्यांची तक्रार खोटी नव्हे. नव्याने जुने बुडविले, हे निदान मात्र चुकीचे आहे.

वगाची दुनिया प्रत्येक पिढीने बदलली. सावळजच्या उमा बाबाजींचा १८६५ चा ‘मोहना बटाव’ हा आद्य वग मानला जातो. पुढे रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी तीत आपल्या राण्या आणल्या. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी तर गणातील गणपतीच्या जागी मातृभूमीला वंदन केले. तरीही वग टिकला.

खरी भीती निराळी आहे. वगाचे कथानक ठरलेले असते. संवाद पुष्कळदा रंगमंचावरच सुचतात. सोंगाड्या भर दरबारात राजाला अडवितो, त्याच गावच्या आटलेल्या विहिरीवरून टोमणा हाणतो, राजा तो झेलतो आणि कथा पुन्हा वाटेला लागते. हा हजरजबाबीपणा कोणत्याही वहीत उतरत नाही. तो फडात वर्षे काढूनच अंगी बाणतो. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा कमाईबरोबर ही तालीमही बुडाली. लावणीला शहरांत स्वतंत्र रंगमंच लाभला. सोंगाड्याला गावाखेरीज कोण आहे?

यात्रा कमिटी फडाला सुपारी देते, तेव्हाच वग किती वाजता उभा राहील, हे ठरविता येते. पारावर तावातावाने भांडणारे रसिक त्या बैठकीला का जात नाहीत?